ढोबळमानानं

सागरमाळाच्या उतारावर बाबालाल शिकलगार
टूब घमेल्यात दाबून धरतो
आणि बुडबुड्याची वाट बघतो.
मी बाकड्यावर. मांडीवर वही,
वहीत दोन भोकांचा एक पृष्ठभाग,
सात महिने तसाच.

"ही काय, डबल टूब?"
डबल टूबच, चाचा.
पण एक नाही. हिचे जेवढे म्हणून आकार होतील
ते सगळे एका मैदानात मांडलेत,
एक आकार, एक ठिपका.
या ठिपक्यावरून त्या ठिपक्यावर
ताणत, आवळत, पिळत जायला
किती पडतं, ते मोजते.
"मैदान केवढं?"
सहा दिशांचं.
तो हसत नाही. कानसीनं रबर घासत राहतो.

तुमची टूब आवळली तर नुसती बारीक होते.
माझी आवळली की लांब होते.
कंबरेचा घेर निम्मा करा, बोगदा हातभर वाढतो,
पुन्हा निम्मा करा, पुन्हा हातभर.
धैर्यशील आणि मी
उद्यमनगरातल्या फौंड्रीवरून आधी रोज भांडायचो.
मग आठवड्याला.
मग दिवाळीला, आईच्या फोनवरून.

आणि अशा दोन माना एकदम आवळल्या
तर या मानेचं त्या मानेला कळत नाही.
अंतराची बेरीजही होत नाही,
दोन्हीतलं मोठं तेवढंच धरायचं.
हे आईला सांगून झालं. ती बेरीजच करते:
"एक तो बोलत नाही, एक तू.
मी कुणाकडं राहतो आता?"

सर म्हणतात, लांबून बघ.
जोतिबावरून कोल्हापूर बघावं तसं,
गल्ल्या जाऊ देत,
कुठून कुठं पोचता येतं तेवढं ठेव.
चूक होऊ दे,
फक्त ठरावीक असू दे, वाढत जायला नको.

बुडबुडा आला.
बाबालालनं बोट ठेवलं, काडेपेटीच्या काडीनं खूण केली.
मी वहीत बघते ते पान, जिथं
शंभर पिळांचा हिशोब अडलाय.
रुंद जागी सोडवायला गेलं
तर दर पिळाचं भाडं द्यावं लागतं.
आधी आवळून घ्यायचं, अगदी दोऱ्याएवढं,
तिथं पीळ जवळजवळ फुकट सुटतात,
मग परत सैल करायचं.
वाकडी वाट, पण जवळची.
सिद्धता दीड पानाची आहे,
मला पाठ आहे.

फोनमध्ये तो अजून 'धैर्यशील फौंड्री' म्हणूनच आहे.
फौंड्री विकून दोन वर्षं झाली.

"चाळीस झाले. कुठवर जायचंय?"
विद्यापीठात, म्हणणार होते.
उजळाईवाडी, म्हणाले.
त्यानं मागचं चाक अंगठ्यानं दाबून बघितलं,
जरा थांबला.
"जाईल," म्हणाला, "ढोबळमानानं."