उतरा आता

आजा फारसं बोलायचा नाही.
विचारलं तर हात पुढं करायचा:
मनगटापासून कोपरापर्यंत एक केस नव्हता,
जाळानं भादरून काढलेले.

एकतीस-बत्तीस असावं. साल त्याला ठाऊक नव्हतं,
त्याच्या लेखी ते ‘बाजार बसला ते साल’.
शाहूपुरीत गुळाला गिऱ्हाईक नाही,
भरल्या गाड्या भरल्या परत येतात,
आणि मळीतला ऊस मात्र थांबत नाही कुणासाठी.

गुऱ्हाळावर त्याची जागा खड्ड्यात.
वर काहील, काहिलीभोवती पाटलाची माणसं,
खाली लखबा, चिपाडाचा ढीग
आणि चुलवाणाचं तोंड.
काहिलीला शिवायचं नाही. रसाला नाही.
सावलीसुद्धा वाफ्यावर पडायची नाही.
जाळ तेवढा त्याचा चालायचा.
जाळाला विटाळ नसतो म्हणे.

तायव्वा दिवसभर वाडं बांधायची,
पोर पाचटात निजवलेलं.
दिवस मावळता पदरात वरून पडायची
काहिलीची खरवड, मूठभर.
“झेल गं.”
ती झेलायची. सांडलेलंही वेचायची.

एका रात्री गुळव्या तापानं फणफणला.
रस चढलेला, फेस पिवळा,
वर चौघं एकमेकांच्या तोंडाकडं बघतायत,
पाक कुणालाच कळेना.
खड्ड्यात आजा ऐकत होता.
आधी बुडबुडा मोठा फुटतो, फट्ट,
मग बारीक होतो, मग
कुणी झोपेत कूस बदलावी तसा आवाज येतो.
बारा हंगाम तो हेच ऐकत आलेला,
तळाखालून.

“उतरा आता,” तो म्हणाला.

तू कोण सांगणार, असं कुणी म्हटलं नाही.
तेवढा वेळच नव्हता.

सकाळी रवे निघाले पिवळेधमक, कणीदार.
पाटलानं एक फोडून हुंगला,
“गुळव्याचा हात तापातबी गोडच हाय.”
आणि मजुरी अर्धी केली.
“बाजार बसलाय लखबा, तूच सांग.”

त्यानं काही सांगितलं नाही.
चैतात तायव्वाला घेऊन बावड्याला चालत गेला,
साखर कारखान्यात बॉयलरला माणसं घेतायत
एवढंच ऐकून.
घेतला. खड्डा तोच, लोखंडी.
पाण्याचा माठ वेगळा.
पण पगार मोजून. शनिवारी. हातावर.

“पहिल्या पगाराचं काय केलंत?” मी विचारायचे.
आजी सांगायची,
भेली आणली. आख्खी.
चार दिवस फोडलीच नाही, मधे ठेवून बसलो.
तुझा आजा तिच्यावर टिचकी मारायचा,
कान लावून ऐकायचा,
म्हणायचा,
जरा लवकर उतरवलाय.