हंगामी रस्ता

'तुम्ही खरोखर तुम्हीच आहात
याची आम्हाला खात्री पटत नाही,'
असं यंत्रानं कळवलं तेव्हा
विर्वे बटाटे सोलत होती.
हिउमा बेट, वय एकाहत्तर,
घराला एक दार, हाकेच्या अंतरावर दोन शेजारी,
तिला ओळखत नाही असं कुत्रंसुद्धा नाही तिथं.

पासवर्ड आठवेना.
आकडा येणार होता त्या फोनवर,
जो धक्क्यावरून समुद्रात पडलेला.
आत चौदा वर्षांची पत्रं,
आत हेल्दूर: डिझेलनं माखलेले हात,
बोटीचं इंजिन, एका फोटोत नुसताच अंगठा.
मदतीसाठी इथे दाबा. दाबलं.
तर त्या 'इथे'च्या मागे
आणखी एक 'इथे' उभा.
जाऊन भांडावं तर दारच नाही कुठे.

फुकट ते पौष्टिक, म्हणतो आपण.
तीही म्हणाली असेल कधीतरी, तिच्या बोलीत.

मंगळवारी कायनाच्या वाचनालयात तावी बसतो.
त्यानं मासळीच्या पावतीमागे नावं लिहून दिली,
कुणी कधी न ऐकलेली,
जणू आडवाटेच्या गावांची.
त्यातली एक टपालसेवा तार्तूतली,
सायकलच्या दुकानावरची खोली, माणसं दोन,
महिन्याला एका काळ्या पावाचे पैसे.
नोव्हेंबरात एका रात्री ती बंद पडली.
सकाळी पत्र:
'दोन ते चार सेवा बंद होती.
मी चुकीची वायर काढली. माफ करा. मार्गुस.'
विर्वेनं ते दोनदा वाचलं,
मग कागदावर उतरवून
वायुभारमापकाशेजारी टाचणीनं लावलं.

सगळंच गोड नाही झालं.
नवा शोधक अर्धंच शोधतो;
मोज्यांची वीण विचारली, तर नांगराच्या साखळ्या दाखवल्या.
निरोपांच्या नव्या खिडकीत तिघंच:
तावी, गुरांची डॉक्टरीण,
आणि एक जण, जो कधीच काही लिहीत नाही.
'आज्जी, तिथं आहेच कोण?' टालिनहून नात विचारते.
विर्वे म्हणते, 'मी आहे ना.'
आणि मग संध्याकाळभर
फोन पालथा ठेवून बसते.

पण नकाशा!
जो कुणाचाच नाही, म्हणून कुणीही भरावा असा.
तिनं विहीर भरली. दूध ठेवायची फळी भरली.
हेल्दूर ज्यावर बसून बोटी मोजायचा
ते बाकडं भरलं.
दुसऱ्या दिवशी कुणा अनोळख्यानं दुरून कळवलं:
बाई, तुमचं बाकडं दोन मीटर समुद्रात आहे.
हा कोण शहाणा?
फणफणत गेली ती, हातात टेप, कपाळाला दिवा,
वाऱ्यात वाकून मोजलं.
त्याचं बरोबर होतं.
तिनं बाकडं किनाऱ्यावर ओढून घेतलं,
माऊसच्या एका टोकानं,
आणि 'आभार' असं लिहिलं, जरा उशिरानं.

फेब्रुवारीत समुद्र गोठला.
दर वर्षी गोठतोच असं नाही आता.
मोठा नकाशा तेव्हाही फेरीबोटीचीच वेळ सांगत होता;
त्याच्या लेखी पाणी म्हणजे पाणी.
इथं माणसांनी बर्फ भोसकून जाडी पाहिली,
जुनिपरच्या फांद्या रोवून खुणा केल्या.
पट्टा बांधायचा नाही, बर्फ फुटला तर
उडी मारता आली पाहिजे.
पहिली गाडी पलीकडे पोचल्याचा फोन आला
तेव्हा विर्वेनं एकेक फांदी आठवत
पडद्यावर रेघ ओढली,
बेटापासून मुख्य भूमीपर्यंत, थोडी वाकडी,
कारण रस्ताच वाकडा होता.
एकवीस दिवस ती खरी होती.

हेल्दूरचे फोटो तिकडेच आहेत अजून.
दर महिन्याला ती एकदा दार ठोठावते,
'तुम्ही तुम्हीच आहात का?' आतून विचारणा होते,
ती 'हो' म्हणते,
आणि बटाट्यांकडे परत येते.

मार्चमध्ये एका दुपारी
फांद्या तिरक्या होऊन तरंगू लागल्या.
विर्वेनं नकाशा उघडला, रेघ निवडली.
रस्ता पुसण्याचं कारण लिहा, असं चौकटीत आलं.
एका बोटानं, अक्षर शोधत,
तिनं लिहिलं:
वितळला.