फणसेबाईंचं माप

माझ्या वहीत त्या पान एकशे बारावर.
छाती, कंबर, बाही. खांद्यापुढे आकडा नाही,
एकच शब्द : उतरता.
डावा, अर्धा इंच.

मल्हारगंजच्या याच गल्लीत बाबांनी
शिपायांच्या अर्ध्या चड्ड्या शिवल्या चाळीस वर्षं.
बाईच्या खाकीचा कागद त्यांच्यापाशी नव्हता.
सागरहून ट्रेनिंग करून आलेली ही मुलगी म्हणाली,
"पुरुषाचाच शर्ट लहान करून दिलाय, वत्सलाताई,
श्वास घेतला की बटणं बोलतात."
मी पेपर पसरला, कागद कापला,
दोन टक्स घातले, खिसे बोटभर वर घेतले.
डीएसपी सुलक्षणा फणसे.
तीन स्टारची भोकं मी पाडली, खांद्याच्या पट्टीत,
सहा, काजाच्या टाक्यानं.

पहिलं पोस्टिंग जोबट.
थंडीत आल्या तेव्हा कंबर दोन इंच कमी.
चहा घेतला नाही.
"आतून एक खिसा. डावीकडे."
घडी केलेला कागद दिला.
"हा आत ठेवा आणि तोंड शिवून टाका."
मी शिवलं. शिंप्यानं विचारायचं ते फक्त
बाही पूर्ण की अर्धी.

पुढे नीमच, सिवनी, रीवा.
दर नव्या वर्दीला जुन्यातून कागद काढायचा,
नव्यात घालायचा.
मुलगी पोटात होती तेव्हा शिवण दोनदा उसवली,
कागद तोच.
चौथ्या की पाचव्या वेळी घडीवर फाटला,
म्हणून वाचला गेला :
थावरिया. वय एकोणीस. पहाटे चार.
अस्तराच्या चिंधीवर खळीनं चिकटवला,
नेहमीसारखं तोंड शिवलं.

बढत्या वेळेवर आल्या. एकही अडली नाही.
माझ्यासाठी बढती म्हणजे काय,
जुनी भोकं बुजवायची, नवी पाडायची.
स्टार गेले, अशोक आला,
अशोकाखाली एक स्टार, मग दोन, मग तीन.
पेपरात फोटो यायचे, कधी हार, कधी काठी.
तोच पेपर मी कटिंगला घ्यायची,
कात्री कुठून जाईल सांगता येत नाही.

एकदाच गेले मी त्यांच्या बंगल्यावर.
नंदूला सराफ्यात मारामारीत उचललं होतं,
रात्रीचे साडेबारा.
वाटलं, एक फोन करतील.
केला नाही. स्वतः गेल्या थान्यात,
बाकावर बसल्या. सोडवलं नाही त्याला.
नंदू सांगतो, चार वाजता त्या उठल्या,
गजाशी आल्या, त्याला नाव विचारलं,
माहीत असून. मग पुन्हा,
"मोठ्यानं सांग."
तो बोलला तेव्हा कुठे टेकल्या.
सकाळी सातला जामीन, कायद्यानं, मीच भरला.
वर्षभर मी त्यांच्याशी नीट बोलले नाही.
शिलाईतही सूट दिली नाही.

परवा आल्या. डीआयजी होत्या, तीस तारखेपर्यंत.
केस आखूड, चष्मा दोरीला.
मला वाटलं साडीवरचे ब्लाउज असतील,
मी सवयीनं टेप काढली.
"माप नको," म्हणाल्या. "खिसा उसवा."
ब्लेडनं टाका टाका सोडवला.
अक्षरं पुसटली होती,
वय तेवढं वाचता येत होतं.
माझ्या हातून त्यांनी तो घेतला,
ठेवायला जागा शोधली,
पर्स उघडली, मिटली,
शेवटी मुठीतच धरला.
"गंगवालहून जोबटची पहिली बस किती वाजता?"
जणू मला माहीत असणार.
"पाचला असेल," मी म्हटलं.
"तिथं आता ओळखीचं कोण आहे?"
"त्याची आई होती," म्हणाल्या. "तेव्हा."

शिलाई विचारली.
उसवण्याचे पैसे आम्ही घेत नाही.

वर्दी इथेच राहिली, खुर्चीच्या पाठीवर.
आज दुकान उघडताना दारातून ऊन आलं
आणि खांद्याच्या पट्टीतून, बुजवलेल्या भोकांतूनही,
बारीक बारीक आत उतरलं,
कटिंगच्या टेबलावर.
मोजत बसले नाही. गिऱ्हाईक होतं.