हाताचं तेल

शब्बीर कुरेशीनं पिशवी पुढं सरकवली,
"आठ आहेत मॅडम. मागच्या पायांच्याच. मोजून घ्या."
म्हशीच्या टाचेवरची ही शीर
मला परकी नाही.
रास्ता पेठेत, दवाखान्याच्या हिरव्या पडद्यामागं
रोज दहा-बारा जणांची हीच मी अंगठ्यानं चाचपते:
कुठं सुजलीय, कुठं आखडलीय.
धरते. सोडते. पुन्हा धरते.
ही फक्त ओय म्हणत नाही.

गच्चीत वाळून ती पिवळी झाली, काचेसारखी कडक.
पाट्यावर वरवंट्यानं ठेचली, बेतानं,
तंतू तुटायचे नसतात, सुटायचे असतात.
मग उवांच्या फणीनं विंचरली.
ताटभर केस. कुणा म्हातारीचे वाटावेत असे.

बांबू बुरूड आळीतला.
"सुपासाठी?" सखूबाई वाडेकरांनी विचारलं.
मी हवेत बोटानं आकार काढला.
"अगं बाई, तिरकमठा!
मग हा नको," आणि आतून दुसरा आणला,
लांब पेराचा, धुरात पिकलेला.
पैसे सुपाच्या बांबूचेच घेतले.

शिंगं मुंढव्याच्या गोठ्यातली.
उकळली, दाबली, तासली, कानशीनं उभ्या रेघा ओढल्या,
शिंगावर जशा, तशाच बांबूवर,
रेघेत रेघ बसावी म्हणून.
सरस शिजला तेव्हा खालचे पटवर्धन वर आले,
"तुमच्याकडं काही मेलंय का?"
हो म्हटलं, बऱ्याच दिवसांपूर्वी.
आता जोडतेय.

ऑगस्टमध्ये रात्री दोनला आवाज झाला. टक्.
एवढाच. बोट मोडल्यासारखा.
शिंग एका कडेनं उचललं होतं
आणि खाली, जिथं सरस धरलाच नव्हता,
तिथं एक लंबगोल कोरडा डाग.
मी अंगठा ठेवून पाहिला.
बरोबर बसला.

वीस वर्षं तिळाच्या तेलात मुरलेला हा अंगठा.
यानं माणसं जिने चढायला लागली,
एकीनं तर नातवंडाला उचलून दाखवलं,
आणि यानंच,
नुसतं कौतुकानं टेकवला म्हणून.

पुन्हा तासलं. रिठ्यानं हात धुतले, राखेनं धुतले,
तरी शिंग फडक्यातच धरलं.
शिरांचे झुपके सरसात बुडवून पाठीवर अंथरताना मात्र
फडक्यानं भागेना. तिथं हात लागतोच.
थरावर थर, तीन.
मग उलटं वाकवून बांधलं
आणि फ्रिजच्या मागं, जिथं ऊब असते,
शिमगा होईपर्यंत विसरायचं ठरवलं.
विसरले नाही. झाडू मारताना रोज वाकून बघायचे.

हिंदुराव शेडगे, वय एकाहत्तर, जुने मल्ल,
उजवा खांदा, मंगळवार-शुक्रवार.
त्यांना बोलावलं, कारण दोरी चढवायला दोन माणसं लागतात.
गाठी सोडल्या तसं ते भलतीकडेच वळलं,
दोन्ही टोकं एकमेकांना भेटू बघत होती.
"रुसलंय," ते म्हणाले,
"खांदा गेलाय माझा, गुडघे शाबूत आहेत,"
आणि गुडघा लावून त्याला आमच्या बाजूला आणलं,
हळूहळू, कुरकुरत.
कोण कुरकुरत होतं, सांगता येणार नाही.

मग त्यांना ओढून बघायचं होतं.
नको म्हणाले मी. त्यांनी ओढलं.
माझा हात आपोआप त्यांच्या खांद्यावर गेला,
अंगठा नेमका त्या जागी.
आत एक शीर सरकत होती, बाहेर आठ.
"थांबा," मी म्हणाले. "एवढंच. आता सोडा, सावकाश."
त्यांनी सोडलं, सावकाश.
दोरी जराशी गुणगुणली.

बाण अजून केलेला नाही.
पटवर्धन विचारत होते, मारणार कुठं, पार्किंगमध्ये?
हिंदुरावांच्या पांढऱ्या सदऱ्यावर
तेलाचा एक डाग पडला होता.
मी सांगितलं नाही.
शुक्रवारी तोच सदरा घालून आले.