घड्याळ गावचं

डॉक्टर रय्या ओमानी, हिंदी मात्र आमच्याहून साफ.
विचारलं, "धडधाकट असा शेवटचा कधी पाहिलास?"
म्हणालो, पावणेचारला.
पाणी प्यायला उठला होता सुभान,
माझी चादर ओढून म्हणाला, घोरू नको, पगारातून कापतील.
हसला. दोन्ही बाजूंनी हसला.

बसच्या वेळेला बघतो तर
अर्धं तोंड ओघळलेलं,
उजवा हात कॉटवरून लोंबत,
कुणी दुसऱ्याचा विसरून गेल्यासारखा.
"सुभान, ऊठ."
तर म्हणाला, "चावी. चावी चावी."
घालाच्या त्या खोलीत आम्ही आठजण.
कुणी म्हणे तेल चोळा, कुणी साखर आणली.
केरळचा बिजू तेवढा ओरडला,
तोंडात काही घालू नका, फोन करा.

स्कॅन झालं. रक्तस्राव नाही.
डाव्या बाजूच्या मोठ्या धमनीत गुठळी,
पलीकडचा मेंदू उपाशी.
सगळा मेला नाही, बाई म्हणाल्या,
काही अजून वाट बघतोय.
साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवायचं औषध,
उशीर झाला तर तेच औषध रक्त फोडतं.
भिंतीवर सात वाजून पाच.
नर्सने सुई भरायला घेतली

आणि मला खोलीतलं घड्याळ आठवलं.
सुभाननेच लावलेलं, चिपळूणच्या वेळेला,
पोरगी शाळेला कधी निघते ते कळावं म्हणून.
दीड तास पुढे.
पावणेचार म्हणजे इथले सव्वादोन.

बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं.
वीस मिनिटं जास्तच होत होती.
वीस मिनिटांसाठी माणूस गप्प बसू शकतो.
"बाई, मी वेळ गावची सांगितली."

त्यांनी नर्सचा हात धरला. ट्रे मागे गेला.
वाटलं, संपवला मी त्याला.
पण बाई फोनवर, अरबीत, भराभर,
मग माझ्याच गेटपासच्या पाठीवर काढून दाखवलं:
जांघेतून बारीक नळी, छातीतून मानेत, मानेतून वर,
टोकाला तारेची जाळी,
गुठळी धरायची, मागे ओढायची.
मी डक्टिंगचं काम करतो.
एवढं मला कळलं.

निघाली ती तांदळाच्या दाण्याएवढी.

ग्लास अजून सांडतो त्याच्या हातून.
बायकोचं नाव आधी आलं, मुलीचं आठवड्याने.
किल्लीला मात्र काय म्हणायचं ते आठवत नाही.

घड्याळ आम्ही बदललं नाही.
खाली डक्ट टेपची पट्टी लावलीय,
बिजूने मार्करने लिहिलंय, वाकडं देवनागरी:
दीड वजा.