उसवण

फतेगंजात माझं दुकान. एका अंगाला विद्यापीठ,
दुसऱ्या अंगाला फौजेची मेकॅनिक घडवणारी शाळा,
मध्ये मी, निकुंभांची वासंती, आणि पायाचं मशीन.
पाटीवर वडलांच्या हातची अक्षरं:
गणवेश, बिल्ले, नावपट्ट्या,
पदवीदानाचे झगे भाड्याने मिळतील.

झग्याचं भाडं दीडशे. अनामत पाचशे.
संध्याकाळी परत येतो तेव्हा कॉलरला घाम,
बाहीत पेढ्याचा चुरा.
मी झटकते, हँगरला लावते,
उद्या त्यातच दुसरं कुणी पदवीधर होतं.

बिल्ल्यांचं तसं नाही.
छत्रीसैनिकांचे पंख, जरीच्या तारेचे, साठ रुपयांना एक;
घाऊक येतात, बिस्किटाच्या डब्यात पडून असतात.
पण वडलांचा नियम होता:
आधी ओळखपत्र बघायचं, मग विचारायचं,
उड्या किती झाल्या?
खरा माणूस आकडा सांगतो.
खोटा हसतो.

मागल्या हिवाळ्यात एक पोरगा आला,
बी.कॉम.ला दोनदा लटकलेला.
बोडेलीहून आई आली होती, बाहेर रिक्षात बसलेली.
"बेन, खाली फोटो माटे," म्हणाला.
मी दिला झगा. अनामतही घेतली नाही.
त्याच आठवड्यात एका नवरदेवाला पंख हवे होते,
शेरवानीवर शोभतील म्हणून. पाचशे देत होता.
त्याला मी पायरीवरून खाली उतरवला.
रात्री भाकरी थापताना माझं मलाच कळेना,
एका खोट्याला मी इस्त्री करून दिली,
दुसऱ्यावर एवढी का तापले?

मग शेवाळे आले. हवालदार धोंडिराम शेवाळे,
चोवीस वर्षं पुरी करून, परवाच घरी बसलेले.
शर्ट पुढे केला. "पंख काढून द्या. कापड फाटू देऊ नका."
मी ब्लेडचं टोक घातलं पहिल्या टाक्याखाली.

ते उभ्यानंच बोलत होते, भिंतीकडे बघत.
मकरपुऱ्याच्या कारखान्यात अर्ज केला होता.
"रणगाड्याचं इंजिन मी काळोखात खोलतो, बाई,
बोटांना ठाऊक असतं कुठला नट कुठे.
फॉर्मात रकाना होता शिक्षणाचा.
फौजेनं लिहून दिलंय मला, पदवीसमान."
'समान' त्यांनी असं उच्चारलं
जसा भातात खडा लागावा.
"समोरचा टायवाला पोरगा. चांगला होता हो, उद्धट नव्हता.
विचारलं त्यानं, कुठल्या विषयात?"

पुढे काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.
पंख सुटून हातात आला.
खाली कापड गर्द हिरवं, नवं कोरं,
बाकीचा शर्ट उन्हानं विटलेला.

"हा झगा," ते एकदम म्हणाले, "घालून बघू?"
मी काढून दिला. लांब होता, तरी खांद्यात अडला.
आरशासमोर उभे राहिले, सावधान नाही, विश्राम नाही,
मधलंच काहीतरी.
"उकडतं यात," म्हणाले, आणि घडी घालून परत दिला,
अशी चौकोनी घडी, जी पाच वर्षांत
एकाही पदवीधराने मला घालून दिली नव्हती.

"तुमचं शिक्षण किती झालं?"
"बी.ए.चं दुसरं वर्ष. मग वडलांचा हात कापायला लागला."
"मग हे शिवणं? कुठे शिकलात?"
"उसवून," मी म्हणाले.
"वडील माझं शिवलेलं रोज उसवायला लावत,
धागा न तोडता."

ते हसले नाहीत. मान हलवली,
जशी कामाचा माणूस दुसऱ्या कामाच्या माणसाला हलवतो.
उसवणीचे पैसे मी घेत नाही, तरी
वीसची नोट मशीनच्या चाकाखाली सारून गेले.

पंख रुमालात बांधून नेला.
शर्ट ठेवून गेले, चिंध्यांना होईल म्हणून.
मी अजून कात्री लावलेली नाही.
कालच पदवीदानाची तारीख लागली;
बावीस झगे धुवायचे आहेत.