नव्वदचं कार्ड

हरभट रोडला शांतिनाथ उपाध्यांच्या काचेखाली
नखाएवढी कार्डं.
"चौसष्ट जीबी घ्या, तीन लग्नं मावतील."
जागा नको, म्हटलं, वेग सांगा.

पलूसच्या मैदानात परवा
भैरू खिलारेला ढाकेवर घेतला
तेव्हा माझा तांबडा दिवा लुकलुकत बसला,
जुनं कार्ड आधीचे सात फोटो गिळत होतं.
आठव्यात नुसती उडालेली माती,
खाली पाय कुणाचे कळत नाही.

संध्याकाळी नळावर कानातली माती धुताना
भैरूनं विचारलं, "घावलं का?"
नाही म्हटलं.
"बेस झालं. आई बघती पेपर."

उपाध्ये दोन कार्डं पुढं सरकवतात.
महागातलं सेकंदाला नव्वद एमबी लिहितं,
काही सुटत नाही म्हणे.
मी खिशातले पैसे
परत एकदा मोजतो.